कळा, भूल आणि बेचाळिसावा दिवस

टोकियोच्या महानगर सरकारने ऑक्टोबर २०२५पासून वेदनाशमनासह होणाऱ्या प्रसूतीसाठी एक लाख येनपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने फर्मान काढले, की जिथे बाळंतपणे होतात अशा सर्व मोठ्या रुग्णालयांत ही सोय २०२५ संपेपर्यंत आणि त्याखालच्या स्तरावरच्या रुग्णालयांत २०२७पर्यंत मिळाली पाहिजे. या दोन्ही देशांत कळा सुसह्य करण्यासाठी भूलतज्ज्ञाची मदत घेण्याची पद्धत युरोप-अमेरिकेच्या मानाने फार कमी होती. जपानमध्ये तर कळा सोसल्याशिवाय आईपणाची किंमत कळत नाही, ही समजूत आपल्याइतकीच घट्ट आहे. मग सरकारांना आताच कळवळा का यावा? दोन्हीकडे जन्माला येणारी मुले भराभर कमी होत आहेत. बाळंतपणाची भीती कमी झाली तर बायका आणखी एखादे मूल होऊ देतील, असा हिशेब त्यामागे आहे. बाईच्या वेदनेकडे लक्ष गेले ते पाळणे रिकामे पडू लागल्यावर.

महाराष्ट्राचा जननदरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ वर आला आहे, पण अजून आपल्याकडे कुणाला त्याची धास्ती नाही. त्यामुळे कळांच्या वेदनेचा विषय सरकारी बैठकीत निघत नाही आणि घरात तर नाहीच. तो निघतो खासगी रुग्णालयांच्या जाहिरातीत, ‘पेनलेस डिलिव्हरी’ या नावाने. अलीकडे त्यात आणखी एक वचन जोडलेले दिसते: वेदना टळल्या की बाळंतपणानंतरचे नैराश्यही टळते. हे वचन कुठून आले आणि त्यात तथ्य किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण तथ्य थोडे आहे, पण जाहिरातीत सांगतात तसे नाही.

त्याचे मूळ बरेचसे बीजिंगमध्ये आहे. तिथल्या पेकिंग विद्यापीठाच्या पहिल्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी २०१४ साली २१४ बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रसूतीच्या वेळी एपिड्युरल घेतले होते त्यांच्यापैकी १४ टक्के स्त्रियांत सहा आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे आढळली. ज्यांनी घेतले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण जवळपास ३५ टक्के होते. फरक एवढा मोठा, की जगभर बातम्या झाल्या. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१७मध्ये, चीनच्या शान्शी प्रांतातील यूलिन शहरात कळा असह्य झालेल्या एका स्त्रीने रुग्णालयाच्या खिडकीतून उडी घेऊन जीव दिला. ती सिझर करा म्हणून विनवत होती. नकार कुणी दिला, घरच्यांनी की डॉक्टरांनी, यावरून दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. तिला स्वतःला काय हवे होते, याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. पुढच्या वर्षी चीनने निवडक रुग्णालयांत प्रसूती-वेदनाशमनाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला.

आता बीजिंगच्या आकड्यांकडे जरा थांबून पाहू. त्या अभ्यासात कुणाला एपिड्युरल द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांनी मागितले त्यांना मिळाले. आता मागणारी स्त्री कोण असते? जिने आधी माहिती काढली आहे, जिचा नवरा सोबत आहे, जिच्या हाताशी दोन पैसे आहेत, जिला आपले म्हणणे डॉक्टरांपुढे मांडता येते. अशा स्त्रीला नैराश्याचा धोका मुळातच कमी असू शकतो. मग फरक सुईने पडला की परिस्थितीने, हे सांगता येत नाही. नंतर वेगवेगळ्या देशांत जे अभ्यास झाले त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत काहीच दिसले नाही. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये वेदना किती कमी झाली हे मोजून पाहिले, तेव्हा तिचा आणि सहा आठवड्यांनंतरच्या मनःस्थितीचा संबंध आढळला खरा, पण त्या मनःस्थितीतला तिचा वाटा लहान होता.

मला या सगळ्यांत सर्वात बोलका वाटतो तो २०१८ साली प्रसिद्ध झालेला इस्रायलमधला अभ्यास. त्यांनी नुसते ‘एपिड्युरल घेतले का’ असे विचारले नाही. आधी ‘तुम्हाला हवे आहे का’ असे विचारले आणि मग प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले. ज्यांना हवे होते पण मिळाले नाही, त्यांच्यात पुढे नैराश्याचा धोका जास्त दिसला. हाही निरीक्षणावरचाच अभ्यास, त्यालाही मर्यादा आहेत. पण लेबर रूममध्ये वर्षे काढलेल्या माणसाला तो पटतो. वेदना सोसणे आणि वेदनेत असताना आपले कुणी ऐकत नाही हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक स्त्रिया विसरतात. दुसरी विसरली जात नाही. बाळंतपणाला पंधरा-वीस वर्षे झालेली बाई कळा किती वेळ होत्या हे चुकीचे सांगेल, पण त्या वेळी तिच्यावर कोण खेकसले, ते शब्दासकट सांगते.

एपिड्युरल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण गैरसमज खूप आहेत. कमरेच्या मणक्यांच्या मधल्या जागेतून सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर एक केसासारखी बारीक नळी ठेवतात आणि तीतून भुलीचे सौम्य औषध थोडे थोडे देतात. बाई पूर्ण जागी असते, बोलते, बाळाला जन्मताच पाहते. कळांचा दाब जाणवतो, पण जीव घेणारी वेदना बोथट होते. ‘याने सिझर होते’ आणि ‘जन्माची कंबरदुखी लागते’ या दोन भीती प्रत्येक सासूबाई मला सांगतात. चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन गटाने २०१८मध्ये याचा आढावा घेतला. सिझरचे प्रमाण वाढत नाही आणि कायमची कंबरदुखीही वाढलेली दिसत नाही, असे त्यात आढळले. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ काढण्याचे प्रमाण जुन्या चाचण्यांत वाढलेले होते. २००५नंतरच्या, कमी मात्रेच्या औषधांच्या काळात तो फरक उरलेला नाही. तोटे आहेतच. रक्तदाब उतरतो, हुडहुडी भरते, खाज सुटते, ताप येतो, काही तास लघवीला अडते. शंभरात साधारण एकीला आवरणाला छिद्र पडून काही दिवस फार वाईट डोके दुखते. रक्त गोठण्याचा त्रास असेल, प्लेटलेट फार कमी असतील, तर हा मार्ग घेता येत नाही.

स्कॉटलंडमधील साडेपाच लाखांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास मे २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांत जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसल्या. विशेषतः ज्यांना आधीपासून आजार होता किंवा ज्यांचे दिवस पुरे भरले नव्हते, त्यांच्यात हा फायदा ठळक होता. नळी लावली की त्या बाईवर लक्षही जास्त राहते, हे त्यामागचे एक कारण असू शकेल.

आणि हे काही नवे फॅड नाही. एडिंबरात जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात ईथर आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्म वापरले ते १८४७ साली. १८५३मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले. (हेच स्नो पुढच्या वर्षी लंडनमधल्या कॉलऱ्याचे मूळ एका पंपाच्या पाण्यात आहे हे दाखवणारे.) म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे राणीने मागून घेतले, ते आज आपल्या तालुक्याच्या बाईला मागायचे असते हेसुद्धा ठाऊक नसते.

आपल्या सरकारी लेबर रूममध्ये नेमके काय होते? बाई येते, टेबलावर घेतली जाते, कळा मंद वाटल्या तर त्या वाढवायचे सलाईन लागते. या औषधाने कळा जोरकस होतात, म्हणजेच वेदनाही वाढते. वेदना वाढवणारे औषध आम्ही सहज देतो, कमी करणारे मात्र सहसा देत नाही. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कण्हत असते, मधला पडदा असतो किंवा नसतो. नातेवाईक दाराबाहेर. आणि आत ‘ओरडू नको, तू एकटीच बाळंत होत नाहीस’ हे वाक्य. ते बोलणारी सिस्टर दुष्ट नसते. एका पाळीत तिच्याकडे किती बायका आहेत ते मोजावे. पण ऐकणारीला ते मोजता येत नाही.

एपिड्युरल प्रत्येक ठिकाणी द्या, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे होणार नाही. जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ मोजके. जो ड्यूटीवर आहे तो सिझरच्या आणि अपघाताच्या केसमध्ये अडकलेला. उपजिल्हा रुग्णालयात तो फोन करून बोलवावा लागतो. नळी लावून निघून जाता येत नाही, तासातासाला रक्तदाब आणि बाळाचे ठोके बघणारे कुणी लागते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र हे शक्य आहे. तिथे भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर चोवीस तास असतात. तिथेही ही सोय अपवादानेच मिळते, याला साधनांची कमतरता हे कारण पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की निरोगी गर्भवतीने वेदनाशमन मागितले तर एपिड्युरल द्यावे. त्यात ‘मागितले तर’ हे शब्द महत्त्वाचे, आणि मागायचे तर ते असते हे आधी कळले पाहिजे. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत दोन मिनिटे यासाठी काढायला भूलतज्ज्ञ लागत नाही.

जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथेही हात बांधलेले नाहीत. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड निम्मे-निम्मे असलेला वायू बाई स्वतः मास्क धरून कळ येताना ओढू शकते. एपिड्युरलइतका आराम मिळत नाही, पण तीव्रता कमी होते आणि ताबा तिच्या हातात राहतो. इंजेक्शने आहेत. उठून चालणे, कुशीवर वळणे, कंबर चोळून देणे आहे. आणि सर्वात स्वस्त, सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सोबत. बाळंतपणात सतत कुणीतरी जवळ असले तर काय होते, यावर २६ चाचण्या आणि सुमारे सोळा हजार स्त्रियांचा आढावा २०१७मध्ये निघाला. प्रसूती थोडी लवकर झाली, सिझर कमी झाले, वेदनेची औषधे कमी लागली आणि प्रसूतीचा अनुभव वाईट होता असे म्हणणाऱ्या कमी निघाल्या. केंद्र सरकारने २०१६मध्येच प्रसूतीच्या वेळी एक नातेवाईक स्त्री सोबत ठेवायला परवानगी दिली आणि २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूम सन्मानाची करण्याचे उद्दिष्ट ठेवले. कागद आहे. आई, मावशी किंवा जाऊ मात्र अजून बहुतेक ठिकाणी बाहेरच्या बाकावर बसलेली असते, कारण आत पडदे नाहीत आणि गर्दी होईल ही भीती. पडद्याला किती पैसे लागतात?

बाळ बाहेर आले की वेदनेचा विषय संपला, असे आपण धरून चालतो. इथे मला त्याहून मोठी चूक दिसते. अमेरिकेतील एका २००८च्या अभ्यासात बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड दिवसात ज्यांना तीव्र वेदना होत्या, त्यांच्यात आठ आठवड्यांनी नैराश्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला, मग प्रसूती नैसर्गिक असो की सिझर. टाके ओढतात, बसता येत नाही, दूध पाजताना पोटात वळ येतात, झोप नाही. ‘होईल दोन दिवसांत बरं’ म्हणून या दुखण्याची बोळवण होते. पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन ही अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी औषधे आहेत, फक्त ती वेळेवर आणि पुरेशी द्यायला हवीत. तिने तीनदा मागितल्यावर देऊन उपयोग नाही.

पण नैराश्य केवळ वेदनेतून येत नाही, आणि म्हणूनच ते एपिड्युरलने टळेल असे विकणे चूक आहे. आपल्या अगदी जवळचा पुरावा गोव्याचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या बहुतेकींच्या मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले नाते, मारहाण, ही कारणे ठळक होती. मुलगी झाली की या कारणांची धार आणखी वाढत होती. देशभरातल्या ३८ अभ्यासांच्या २०१७च्या आढाव्यातही हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. पाचांतली एक. प्रसूतीत मधुमेह, रक्तदाब यांची चौकशी आपण प्रत्येकीची करतो. त्यांच्याइतकेच, किंबहुना जास्त आढळणाऱ्या या आजाराची करत नाही.

घरच्यांना एवढे ओळखता यायला हवे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणे, चिडचीड होणे हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप जाते. त्याला विश्रांती आणि धीर पुरतो. दोन आठवडे उलटूनही मन उदास, कशातच रस नाही, बाळ झोपले तरी हिला झोप नाही, ‘मी चांगली आई नाही’ हा धोशा, जगणे नकोसे वाटणे, हा आजार आहे. तो डिंकाच्या लाडवाने जात नाही आणि ‘माहेरी लाड जास्त झाले’ म्हणूनही येत नाही. तिसरा प्रकार क्वचित, हजारात एक-दोन बाळंतिणींत, पण भयंकर. पहिल्या काही आठवड्यांत बाई एकाएकी असंबद्ध बोलते, भास होतात, बाळाबद्दल विचित्र समजुती बाळगते. याला बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेण्यात जे दिवस जातात ते आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

आता आकड्यांचा एक खेळ पाहा. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६मध्ये १३० होते, ते २०१८-२०मध्ये ३३ झाले. त्या वेळी देशाचा आकडा ९७ होता. ही मोठी कमाई आहे, आणि ती प्रामुख्याने परिचारिका, आशाताई आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांची आहे. पण मातामृत्यूची मोजणी प्रसूतीनंतर ४२ दिवसांनी थांबते. आशाताईची नवजात बाळासाठीची शेवटची गृहभेटही ४२व्या दिवशीच. (घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली.) यानंतर ती येते ते बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर. नैराश्य मात्र वर्षभरात केव्हाही डोके वर काढते. ब्रिटनमध्ये प्रसूतीनंतरच्या सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या मातामृत्यूंत आत्महत्या हे आघाडीचे कारण आहे, हे त्यांना कळते कारण ते वर्षभर मोजतात. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात विहिरीत उडी घेतलेली बाई मातामृत्यूच्या रकान्यात कुठेच नसते. तिची नोंद पोलीस ठाण्यात होते.

त्याच सहा आठवड्यांच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडते. बाळाची दीड महिन्याची लस. जी आई स्वतःच्या तपासणीला कधी आली नाही, तीही त्या दिवशी बाळाला घेऊन उपकेंद्रावर येते. बाळाचे वजन होते, मांडीत सुई टोचली जाते, कार्डावर शिक्का बसतो आणि ती निघून जाते. नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबराची १० प्रश्नांची यादी १९८७पासून जगभर वापरली जाते, मराठीत विचारायला पाच-सात मिनिटे लागतात. तेही जमत नसेल तर दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहिले का? आवडीच्या गोष्टींतही मन लागेनासे झाले का? एएनएमताई हे विचारू शकते. अट एकच, सासूसमोर विचारायचे नाही.

विचारले आणि ‘हो’ आले, तर पुढे काय, हा तिचा प्रश्न रास्त आहे. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्यात नाही. पण पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांनी घरी जाऊन ठरावीक पद्धतीने संवाद साधला, तेव्हा सहा महिन्यांनी त्यांच्या गटात २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि दुसऱ्या गटात ५३ टक्के. हा अभ्यास २००८चा, आणि यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, म्हणजे बीजिंगच्या आकड्यांपेक्षा हा पुरावा पक्का. गोव्यात हीच पद्धत वस्तीतल्या स्त्रियांना शिकवून वापरून पाहिली गेली. तिथे फायदा कमी दिसला, पण दिसला. मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषध लागते. सर्ट्रालिनसारखी औषधे दूध पाजतानाही देता येतात, त्यासाठी अंगावरचे तोडण्याची गरज नसते. फोनवर बोलायचे असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही. हा क्रमांक लसीकरण कार्डाच्या मागच्या बाजूला छापायला वेगळी योजना लागत नाही, आणि फोन तिचा स्वतःचा नसेल तर उपकेंद्रातल्या फोनवरून लावून देता येतो.